नडगीत रॉड, ५ महिने झाले तरी हाड धरेना: पीआरपीतले ग्रोथ फॅक्टर खरंच कामाचे का?

उपकेंद्र_मुक्काम (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राच्या हद्दीतल्या पेशंटबद्दल विचारते आहे. वय ४२, तीन एकर कोरडवाहू, वजन ५५ किलोच्या आसपास. ट्रॉली उलटून उजव्या नडगीचं हाड खालच्या भागात मोडलं. हाड बाहेर आलं होतं, जखमेत काळी माती. त्याच दिवशी जखम धुतली, तिसऱ्या दिवशी रॉड टाकला, वरखाली दोन्हीकडे स्क्रू आहेत. जखम दीड महिन्यात भरली. आता ५ महिने झाले. काठी घेऊन चालतो, पण भार दिला की नेमकं मोडल्या जागी दुखतं. एक्स-रेत भेग साफ दिसते, भोवती नवं हाड जवळपास नाही. ताप नाही, पू नाही. दिवसाला ८-१० खर्रे (तंबाखू-सुपारी) आणि मेडिकलमधून आणलेली दुखण्यावरची डायक्लोफिनॅक रोज, हे दोन्ही सुरू आहे.

त्याला ‘तुमच्याच रक्तातले ग्रोथ फॅक्टर’ (पेशींना वाढीचे संकेत देणारी प्रथिनं) असं सांगून एका दवाखान्याने पीआरपीची, म्हणजे त्याच्याच रक्तापासून केलेली, ३ इंजेक्शनं सुचवली आहेत, आठवड्याला एक. घरचे त्यासाठी सोयाबीन आत्ताच विकायच्या बेतात आहेत. ग्रोथ फॅक्टर हाड जुळताना नेमकं काय करतात? पीआरपीतून ते पुरेसे मिळतात का? बीएमपी म्हणतात ते हेच की वेगळं? आणि तोवर गावपातळीवर काय करता येईल?

सळई_स्क्रू

ताई, आधी हाड कसं जुळतं ते सांगतो, म्हणजे इंजेक्शनचा हिशेब आपोआप लागेल.

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. ते निव्वळ घाण रक्त नव्हे, जुळणीची पहिली सामग्री तेच. गुठळीतल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या कणिका) फुटून पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा हे ग्रोथ फॅक्टर सुटतात. त्यांच्यामागे पांढऱ्या पेशी येतात, सूज येते, आणि हाडावरच्या पातळ आवरणातून, म्हणजे पेरिऑस्टियममधून, आणि मज्जेतून मूळ पेशी त्या जागी गोळा होतात. मग बीएमपी (हाड घडवणारी प्रथिनं) गटातले घटक त्यांना ‘कूर्चा बना, हाड बना’ असा हुकूम देतात. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या खेचून आणतो. आयजीएफ-१ आणि एफजीएफ-२ पेशींची वाढ चालू ठेवतात. उंदरांत पाहिलं तर बीएमपी-२ पहिल्याच दिवशी वर जातो, व्हीईजीएफचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतो. सगळे एकदम येत नाहीत, पाळीपाळीने येतात आणि आपलं काम आटोपून ओसरतात.

आता तुमच्या पेशंटचं बघा. हाड बाहेर आलेलं, म्हणजे साकळलेलं रक्त रस्त्यावरच वाहून गेलं. उरलेलं जखम धुताना गेलं. ते धुणं टाळता येत नाही, काळ्या मातीत जंतू असतात. पण त्यासोबत पहिला हप्ता गेला तो गेलाच. पेरिऑस्टियम सोललं गेलं असणार. त्यात नडगीच्या खालच्या भागावर मांसाचं आवरण मुळातच तुटपुंजं, पुढून तर कातडीखाली थेट हाड. उघड्या जखमेच्या नडग्या उशिरा धरतात त्या एवढ्यासाठी.

दुसरी गोष्ट, ५ महिन्यांवर ‘हाड जुळणारच नाही’ असा शिक्का मारू नका. रूढ व्याख्येप्रमाणे ९ महिने उलटलेले आणि शेवटचे ३ महिने एक्स-रेत काहीच प्रगती नाही, तर नॉनयुनियन. तुमचा पेशंट सध्या ‘उशिरा जुळणारा’ आहे. पण ९ महिने हात बांधून बसा, असा याचा अर्थ नाही. कारण शोधायची वेळ हीच.

मला तीन गोष्टी हव्यात. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे, आधीच्या महिन्यांचेही. ईएसआर आणि सीआरपी, या सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. आणि शेजारचं बारीक हाड, फायब्युला, मोडलं होतं का आणि जुळलं का. ऑपरेशननंतर सीआरपी साधारण २-३ आठवड्यांत खाली येतो. ५ महिन्यांनी तो वाढलेला असेल तर दबलेला संसर्ग समजून चालायचं. नॉर्मल आला म्हणून संसर्ग नाहीच, असं मात्र नाही. पू नाही यावर तर अजिबात विसंबू नका.

दुसरी_फिरकी

पीआरपीबद्दल लॅबच्या बाजूने लिहितो, कारण ‘मशीन आहे म्हणजे पीआरपी होते’ असा गैरसमज फार आहे.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट दाट केलेला प्लाझ्मा. आपल्या रक्तात प्लेटलेट मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख. कामाच्या पीआरपीत साधारण १० लाख असाव्यात असा एक ढोबळ दंडक आहे. त्यासाठी ३०-६० मिली रक्त काढून शेवटी ३-६ मिली हाती येतं. १० मिली रक्त काढून ५ मिली ‘पीआरपी’ दिली असेल तर तो जवळपास साधा प्लाझ्माच.

रक्त गोठू नये म्हणून ते एसीडी-ए किंवा सोडियम सायट्रेटमध्ये घ्यायचं. एसीडी-ए असेल तर १ भागाला ९ भाग रक्त. जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी वापरायची नाही, त्यात प्लेटलेट फुगतात आणि त्यांचा आकार बिघडतो. मग दोन फिरक्या. पहिली हलकी, लाल पेशी खाली बसवायला. वरचा प्लाझ्मा दुसऱ्या निर्जंतुक नळीत घेऊन दुसरी जड फिरकी, प्लेटलेट तळाशी आणायला. वरचा दोन तृतीयांश पातळ प्लाझ्मा काढून टाकायचा आणि उरलेल्यात तळ हळूच हलवून मिसळायचा.

घोळ होतो तो इथे. कागदावर ‘१५०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), १० मिनिटं’ लिहिलेलं असतं आणि ते कोणत्याही मशीनवर तसंच चालवतात. पेशींना आरपीएम कळत नाही, त्यांना जी-बळ लागतं. सूत्र असं: १.११८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या मशीनवर १५०० आरपीएमला सुमारे २५० जी येतात, १५ सेंटिमीटरवर जवळपास ३८०. म्हणजे त्याच आकड्यावर एका मशीनमध्ये प्लेटलेट वर राहतील, दुसऱ्यात निम्म्या लाल पेशींसोबत खाली जातील.

तयार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची नाही, २०-२४ अंशांना ठेवून लवकर वापरायची. कॅल्शियम क्लोराइड घालून एकदा चेतवली की साठलेल्या घटकांपैकी बहुतेक १० मिनिटांत सुटतात, तासाभरात जवळपास सगळे. चेतवून मग पेशंटची वाट बघत बसलात तर इंजेक्शनात उरतं काय?

मी सुचवीन की त्या दवाखान्याला एकच विचारा: दिलेल्या पीआरपीचा प्लेटलेट काउंट मोजता का? सेल काउंटर असेल तर दोन मिनिटांचं काम. ‘लागत नाही’ असं उत्तर आलं तर समजून जा.

पेशीपुराण

वरच्या दोघांशी सहमत. बीएमपीचा प्रश्न राहिलाय, तो घेतो.

पीआरपी आणि बीएमपी एक नव्हेत, आणि जाहिरातीत हेच दोन मुद्दाम मिसळतात. प्लेटलेटमध्ये पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ, थोडा आयजीएफ-१ असतो. हे पेशींना बोलावतात, वाढवतात. पेशीला हाड बनवायला लावणारा खरा हुकूम बीएमपीचा, आणि तो प्लेटलेटमध्ये नगण्य. बीएमपी मुख्यतः हाडाच्या मूळ द्रव्यात कोंडलेला असतो. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर स्नायूतच नवं हाड तयार झालं. त्यातून या घटकाचा माग लागला. त्याचं महत्त्व किती, ते उंदरांवरून कळतं: हातापायांत बीएमपी-२ तयारच होणार नाही असे उंदीर केले, तर त्यांची हाडं घडतात, पण मोडली की जुळत नाहीत.

औषध म्हणून बीएमपी-२ जनुकतंत्राने बनवतात. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये कमरेच्या मणक्यांसाठी आणि २००४ मध्ये रॉड टाकलेल्या उघड्या नडगीच्या फ्रॅक्चरसाठी मंजुरी मिळाली, तीही मोडल्यापासून १४ दिवसांच्या आत वापरायची. प्रमाण मिलीला १.५ मिलिग्रॅम, कोलॅजनच्या स्पंजवर. औषध ओतल्यावर किमान १५ मिनिटं थांबायचं म्हणजे ते स्पंजला धरतं. २ तासांच्या आत बसवायचं. स्पंज पिळायचा नाही, आणि बसवल्यावर जखम पुन्हा धुवायची नाही. ही पथ्यं का? हे घटक रक्तात गेले की काही मिनिटांत संपतात. धरून ठेवणारा काही आधार नसेल तर सगळं वाहून जातं. पीआरपी नुसत्या सुईने भेगेत सोडतात तेव्हा अडचण हीच.

४५० उघड्या नडग्यांवरचा मोठा प्रयोग २००२ मध्ये छापून आला. त्यात १२ मिलिग्रॅमच्या गटात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. पण २०११ मध्ये मज्जानळी कोरून, म्हणजे रीमिंग करून, रॉड टाकलेल्या पेशंटांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा जुळणी लवकर झाल्याचं दिसलं नाही. बीएमपी-७ हा भाऊबंदही नडगीच्या नॉनयुनियनमध्ये स्वतःच्या हाडाच्या कलमाएवढाच चालला, सरस ठरला नाही, आणि पुढे बाजारातूनच गेला.

तोटेही आहेत. शरीरात हा घटक इतका थोडा की किलोभर हाडातून तो मायक्रोग्रॅमच्या घरात निघतो. आपण घालतो मिलिग्रॅममध्ये. मग सूज येते, भलत्या जागी हाड उगवतं. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर घसा सुजून श्वास कोंडल्याच्या तक्रारींमुळे २००८ मध्ये अमेरिकेत इशारा द्यावा लागला. गरोदरपण, कर्करोग, वाढ चालू असलेली मुलं, चालू संसर्ग, या सगळ्यांत वर्ज्य. तुमच्या पेशंटच्या बाबतीत १४ दिवस केव्हाच उलटलेत, त्यामुळे तो विषय मी तरी मिटवून टाकीन.

पीआरपीचा पुरावा? लांब हाडांसाठीच्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेले सगळे प्रयोग एकत्र तपासणारा आढावा) निकषांत बसणारा एकच प्रयोग सापडला, २१ जणांचा. त्यानंतर उशिरा जुळणाऱ्या हाडांवर छोट्या-छोट्या मालिका आल्या, काहींत बरे निकाल आहेत. पण शेजारी तुलनेचा गट नसला की त्यातली किती हाडं नुसत्या वेळेने जुळली, हे सांगता येत नाही.

भाकर_वरण

शेतकऱ्याला सांगायचं तर सोपं आहे. ग्रोथ फॅक्टर म्हणजे बियाणं. वाफसा नसताना महागाचं बियाणं टाकलं तर काय होणार?

सळई_स्क्रू

उपमा छान, पण अर्धीच. बियाणं बाहेरून आणावं लागतं. इथे ते शेतातच पडलेलं असतं आणि आपणच ते उगवू देत नाही. भेगेत हालचाल किती, यावर पेशी कूर्चा व्हायची, हाड व्हायची की नुसता तंतू, ते ठरतं. दाणेदार ऊती (जखम भरताना आधी येणारी कोवळी ऊती) आपल्या लांबीच्या शंभर टक्के ताण सोसते, कूर्चा साधारण दहा टक्के, हाड फक्त दोन. मोडलेली टोकं त्याहून जास्त हलत असतील तर कितीही बीएमपी असू द्या, हाड बनायच्या आत फाटेल. उलट टोकांत अंतर राहिलं आणि रॉडने ती तशीच ताठ धरून ठेवली, तर पेशींना भार कळत नाही.

उपकेंद्र_मुक्काम

सर, जुने एक्स-रे मिळाले. फायब्युला मोडलं होतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळलेलं दिसतं. नडगीची भेग आडवी आहे, तुकडे नाहीत, अंतर अंदाजे ३ मिलिमीटर. स्क्रू चारही शाबूत. सीआरपी नॉर्मल, ईएसआर २२. उपाशीपोटी साखर ९६. सिकलसेलची तपासणी निगेटिव्ह.

सळई_स्क्रू

सिकलसेल तपासलीत हे फार बरं केलंत. आपल्याकडे ती हाडाच्या प्रत्येक पेशंटची आधी व्हावी, टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) बांधण्यापूर्वी तर हवीच.

आता चित्र बरंच स्पष्ट झालं. फायब्युला आधी जुळून टेकूसारखं उभं आहे, वरखाली स्क्रूंनी रॉड जाम आहे, आणि मधे ३ मिलिमीटर फट. पेशंटने भार दिला तरी नडगीची टोकं एकमेकांवर येतच नाहीत. भार फायब्युलातून आणि स्क्रूंतून जातो. भोवती नव्या हाडाची गाठ नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. या फटीत पीआरपी सोडून काय साधणार?

पर्याय असे. पहिला, डायनॅमायझेशन: एका बाजूचे जाम स्क्रू काढून लांबट भोकातला एकच ठेवायचा, म्हणजे चालताना टोकं दबतील. आडवी भेग, तुकडे नाहीत, म्हणून हे इथे शोभतं. तिरप्या किंवा चुरा झालेल्या हाडात केलं तर पाय आखूड होतो. सोबत फायब्युलाचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा तुकडा काढावा लागेल, नाहीतर टेकू तसाच राहील आणि स्क्रू काढूनही फट मिटणार नाही. नेमकं हेच विसरलं जातं.

दुसरा, रॉड बदलणं: जुना काढून मज्जानळी कोरायची आणि निदान १ मिलिमीटर जाड रॉड घालायचा. कोरताना निघणारा हाडाचा कीस भेगेतच पडतो. त्यात जिवंत पेशी आहेत, हाडाचा सांगाडा आहे आणि कोंडलेले ग्रोथ फॅक्टरही आहेत, त्यासाठी वेगळा पैसा नाही. जाड रॉडमुळे हालचालही कमी होते. याच वेळी भेगेतले ५ नमुने कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) पाठवायचे, आणि त्याआधी २ आठवडे कोणतंही अँटिबायोटिक द्यायचं नाही. सीआरपी नॉर्मल असला तरी उघड्या जखमेचा इतिहास आहे, नमुने चुकवू नयेत.

याउपर हाड धरलं नाही तर कमरेच्या हाडातून कलम. पेशी, सांगाडा आणि ग्रोथ फॅक्टर, तिन्ही एकत्र देणारं त्याच्याइतकं चांगलं अजून काही हाती आलेलं नाही. तिथूनच मज्जा ओढून भेगेत सोडतात, ती पीआरपीपेक्षा जास्त तर्काला धरून आहे. पण एका जागेवरून २-४ मिलीच ओढायची, मग सुई सरकवायची. एकाच भोकातून २० मिली ओढलं तर मज्जा कमी आणि साधं रक्तच जास्त येतं.

तालुक्यात भांडत बसू नका. सगळे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, रॉडच्या मापाचं स्टिकर (ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवलेलं असतं, रॉड काढताना हत्यारं त्यावरून ठरतात) आणि राशन कार्ड घेऊन सेवाग्राम, यवतमाळ किंवा नागपूर मेडिकलच्या अस्थिरोग ओपीडीला पाठवा. तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेत कोणतं पॅकेज बसतं ते आधीच विचारायला सांगा.

पेशीपुराण

एक जोड. कोणी टेरिपॅराटाइड सुचवलं तर ते ग्रोथ फॅक्टर नव्हे, पॅराथायरॉइड हार्मोनचा तुकडा आहे, रोज २० मायक्रोग्रॅम कातडीखाली. मनगटाच्या फ्रॅक्चरवरच्या प्रयोगात त्याने जुळणी ९.१ आठवड्यांवरून ७.४ वर आणली होती, गंमत म्हणजे ४० मायक्रोग्रॅमने तसं दिसलं नाही. पण पेन २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो. ज्या गावात रोज आठ-आठ तास लाइन जाते तिथे हे लिहून देण्याआधी फ्रिजचा विचार करा. आणि ३ मिलिमीटरची फट तेही बुजवणार नाही.

भाकर_वरण

आता गावपातळीचं. ताईंच्या हातात खरं हेच आहे.

खर्रा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. सशांना निकोटिन देऊन मणके जोडले, तेव्हा जुळणीच्या जागी बीएमपी-२ आणि व्हीईजीएफ दोन्ही कमी निघाले. म्हणजे एका हाताने ग्रोथ फॅक्टर विकत घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने तेच दाबायचे. ‘ओढत नाही, खातो फक्त’ हे उत्तर चालवून घेऊ नका, निकोटिन गालातूनही रक्तात जातं. एकदम सुटत नसेल तर १८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन आहे.

डायक्लोफिनॅक रोजची बंद. सुरुवातीच्या काही दिवसांत चालते, पण महिनोन्‌महिने नको, जुळणीला लागणारं प्रोस्टाग्लँडिन ती अडवते, मूत्रपिंडाला त्रास वेगळाच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसाला ४ ते ६ पुरतात. दारू असेल तर त्याहून कमी.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे याला ६६ ते ८३. ज्वारी-गव्हाचं पाव किलो पीठ साधारण २५ ग्रॅम देतं, ७५ ग्रॅम तुरीची डाळ १६, दोन अंडी १२, पाव लिटर दूध ८, ३० ग्रॅम सोयावडी १५. झाले ७६. घरात सोयाबीन पोत्यांनी पिकतं, ताटात मात्र वरणाचं पाणी, हे आपल्याकडचं जुनंच दुखणं. अंडं चालत नसेल तर फुटाणे-शेंगदाणे वाढवा.

व्हिटॅमिन डी तपासून कमी असेल तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, ८ आठवडे. रविवार ठरवून द्या. ‘ताकदीची पुडी’ म्हणून रोज घेणारे निघतात, मग रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, गुंगी, मूत्रपिंडाचा बिघाड.

चोळणं बंद. हाडवैद्याकडे तेल लावून भेगेवर मालिश होते, कोवळी जुळणी त्यातच सुटते. कांडवेलीबद्दल विचारतीलच: प्राण्यांत थोडा फायदा दिसलाय, माणसांत पुरावा तोकडा. भाजी म्हणून खाल्ली तर खाऊ द्या, पण तिच्या भरवशावर ओपीडीची तारीख चुकवू देऊ नका.

उपकेंद्र_मुक्काम

घरच्यांशी बोलले. पीआरपी थांबवली, सोयाबीन घरातच आहे. सोमवारी सेवाग्रामला पाठवते आहे. स्टिकर डिस्चार्जच्या फाइलमध्ये नाही. रॉडचं माप दुसरीकडून कळेल का?

सळई_स्क्रू

जिथे ऑपरेशन झालं तिथल्या ओटी रजिस्टरची प्रत मागा, पेशंटचा तो हक्क आहे. तेही नाही मिळालं तर रॉडच्या वरच्या टोकाचा, गुडघ्याजवळचा, बाजूने जवळून एक एक्स-रे काढून पाठवा. टोकाच्या आकारावरून आणि स्क्रूंच्या भोकांवरून कंपनी बहुतेक वेळा ओळखू येते. सोमवारी जाताना तो सोबत असू द्या, नाहीतर रॉड काढायची हत्यारं जुळत नाहीत म्हणून तारीख पुढे जाते.